रोटर निवेपर्यंत

ये गं, अशी जवळ ये. लांबून काय बोलतेस? काल फोनवर हसत म्हणालीस, "मावशी, आता अर्धाच तास थांबते आणि मशीन लावते. इथं वेळ कुणाला आहे?" तेव्हा मी फोन ठेवला, पण रातभर डोळ्याला डोळा नाय लागला, म्हणून सकाळीच तुझ्या दारात आले. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. तू म्हणावंस?

मी तुझ्या सरांच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागले होते. शाळा सातवीपर्यंत. मशीन शिकले ती बघून बघून. एवढ्याशा डबीत प्रोटीनचं पाणी भरायचं, डबी जड रोटरच्या, म्हणजे त्या फिरत्या चाकाच्या, भोकात रेघेला रेघ जुळवून बसवायची, आतली हवा काढायची आणि रोटर मिनिटाला हजारो फेरे फिरवायचा. प्रोटीन बाहेरच्या कडेला सरकत जातं, मागं नितळ पाणी उरतं. मधली सीमा कशी सरकते ते मशीन टिपतं. पण डबीत एक बाजू गरम आणि एक गार राहिली, की आत प्रवाह सुटतात अन् सीमा ढवळून निघते. पुस्तकात त्याला अभिसरण म्हणतात.

मला ते पुस्तकानं नाय, पडेगावच्या घरातल्या ड्रमनं शिकवलं. नळ आठ-आठ दिवसांनी येणार, तोही गढूळ. तुरटी फिरवून ड्रम सावलीत ठेवला तर गाळ तळाला बसतो. अर्धा उन्हात राहिला, तर दिवसभर गाळ वर-खाली. सासूबाई ओरडायच्या, "आधी निवू दे, मग निवळंल!" मी तेच रोटरच्या पेटीवर चिकटवलं होतं : 'निवू द्या. दोन तास.'

तो मे महिना आठवतो ना? सकाळपासून लाईट नव्हती, एसी बंद, टेबलावरचा रोटर हाताला चटका देत होता. लाईट आली तशी तू सहा महिन्यांच्या मेहनतीचं प्रोटीन घेऊन आलीस. सरांना चार वाजता पाहुण्यांना आलेख दाखवायचा होता.

"पडद्यावर वीस अंश दिसतंय ना? लावा."

"सर, वरून भगुनं निवलं म्हणून आतलं वरण निवत नाय."

"मावशी, तुम्ही वरणच सांभाळा."

सगळे हसले. तूही हसलीस, घाबरून.

आलेख आला तो वेडावाकडा. पाहुण्यांसमोर सर म्हणाले, "हिचं प्रोटीनच नासलंय. सहा महिने काय केलंस तू?" फर्दापूरकडं मेंढ्या राखणाऱ्या तुझ्या बापानं तुला तेवढंच वर्ष दिलं होतं, नंतर लग्न. तू होस्टेलवर जाऊन बॅग भरलीस. आणि मी? फडकं घेऊन टेबल पुसत राहिले. सगळं ठाऊक असून तोंड उघडलं नाय. सरांइतकाच मला माझा राग येतो, आजही.

फ्रीजमध्ये थोडं प्रोटीन उरलं होतं. "फेकून द्या मावशी," म्हणालीस. मी तुला दंडाला धरून आणलं. सकाळी डबी बसवली, हवा काढली, वीस अंशावर रोटर नुसता ठेवला, फिरवला नाय. दोन तास आपण दोघी स्टुलावर बसून होतो. सर दोनदा डोकावले. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "वरण निवतंय, सर." मग फिरवलं. रेघा निघाल्या कशा, कंगव्याच्या दातांसारख्या, एकीमागं एक!

सर म्हणाले, "मशीनचा मूड असतो." मूड म्हणे! माफीचा एक शब्द नाय.

आणि काल तू काय सांगितलंस? हाताखाली नवी पोरगी आलीय, तिचे आलेख वाकडे येतात, तिच्या हातातच सफाई नाय. व्हय का? रोटर निवला होता का, ते बघितलंस? का तूही पाहुण्यांसमोर तिला तसंच बोललीस? तिनं अजून बॅग भरली नसंल तर आधी तिच्यासोबत दोन तास स्टुलावर बस.

अन् येत्या रविवारी पडेगावच्या घरी ये, सणाची वाट बघू नको. तिलाही घेऊन ये. ड्रम अजून तिथंच आहे, सावलीत. तिला दाखवीन, आणि तुलाही पुन्हा एकदा.