बाहुल्यांच्या पेटीतली डिस्क

नजरबादच्या दुकानात मी घरच्या सर्व्हरच्या बॅकअपसाठी डिस्क निवडत होतो. शेजारी उभ्या असलेल्या वयस्कर बाईही तेच करत होत्या, पण पिशवीतून दसऱ्याच्या बाहुल्यांमधला लाकडी राजा काढून. प्रत्येक डिस्क त्या राजाशेजारी उभी करून बघत होत्या.

मला फोनवर मराठी बोलताना त्यांनी ऐकलं असावं. न विचारताच म्हणाल्या, “बाहुल्यांच्या पेटीत मावली पाहिजे की. चोर सर्व्हर नेईल, बाहुल्या कोण नेतंय? आणि दसऱ्याला बाहुल्या मांडायला पेटी उघडतेच, तेव्हा हीपण लावून बघायची. चालते की नाही कळतं.”

मी डिस्कच्या वेगाचे आकडे वाचणं थांबवलं.

“सर्व्हरवर काय आहे?”

“आमची भांडणं. मुलं कन्नड बोलतात, नातवंडं इंग्लिश. घरात मराठी आम्हा दोघांचीच, तीही भांडताना जास्त. ह्यांनी सगळी रेकॉर्ड करून ठेवलीत, नातवंडांसाठी.”

त्यांनी सर्वांत कमी क्षमतेची डिस्क उचलली. दुकानदार कन्नडमध्ये म्हणाला, “मोठी घ्या अम्मा, डेटा वाढत जातो.”

“साकु,” एवढी पुरे, असं त्याला सांगून त्यांनी राजा फडक्यात गुंडाळला. मग मला मराठीत म्हणाल्या, “वाढायला आता भांडू कुणाशी?”