आडवे पास

ज्या वर्षी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाने गोल करणं जवळजवळ सोडूनच दिलं, त्या वर्षी नाताळपर्यंत मी त्यांची एकही मॅच चुकवली नाही. माझी मुलगी त्या संघाची स्ट्रायकर होती. गोल करणं हे स्ट्रायकरचं मुख्य काम असतं म्हणतात. त्या सीझनमध्ये ते पाहायला मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

दर शनिवारी मी बेस्ट या आमच्या छोट्या डच गावाहून गाडी काढून शेजारच्या आइंडहोव्हन शहरातल्या मैदानावर जायची आणि रेलिंगला टेकून उभी राहायची. चेंडू आमच्याकडे असायचा. ही एक गोष्ट मान्य केली पाहिजे, चेंडू कायम आमच्याकडेच असायचा. गोलकीपर तो डावीकडच्या मुलीला द्यायची, ती मधलीला, मधली उजवीकडचीला आणि उजवीकडची पुन्हा गोलकीपरला. लग्नातल्या जेवणाचं बिल कुणी भरायचं यावरून दोन घरांत जसं 'तुम्ही नको, आम्ही देतो' चालतं, तसं उलट दिशेने चालायचं: मी नको, तूच ठेव. आणि तिकडे पुढे माझी मुलगी एकटी हात वर करून धावायची, थांबायची आणि मान खाली घालून परत यायची.

त्यांचा कोच तिशीही न गाठलेला, केस मागे बांधणारा उंच मुलगा होता. स्वभावाने इतका चांगला की त्याच्यावर चिडायची चोरी. त्याचं म्हणणं सरळ होतं. चेंडू आपल्या पायात आहे तोवर समोरचे गोल करू शकत नाहीत. खरंच करत नसत. मॅच शून्य-शून्य संपायची. एखाद्या शनिवारी शेवटी शेवटी आमच्या कुणाचा तरी पाय घसरायचा आणि मग शून्य-एक.

सुरुवातीला मी रेलिंगवरून मराठीत ओरडायची. "अगं पुढे दे, पुढे. मागे काय ठेवलंय?" माझ्या शेजारी गोलकीपरचे वडील उभे असत, निवृत्त सुतार. माझ्यामुळे ते 'पुढे' हा शब्द शिकले आणि माझ्याबरोबर ओरडायला लागले. मैदानावरच्या बावीस मुलींपैकी तो शब्द कळणारी एकच होती आणि तिच्याकडे चेंडू नव्हता.

मॅचनंतर मी तिला तिच्या खोलीवर सोडायची. आदल्या वर्षीच ती घर सोडून विद्यापीठाजवळ राहायला गेली होती. आठवडाभर फोनवर आमचं बोलणं म्हणजे जेवलीस का, हो, काय जेवलीस, पास्ता. पण शनिवारी गाडीत बसलो की दोघींच्या बोलण्याला नुसता ऊत यायचा. मी मराठीत, ती डचमध्ये. कोचचं डोकं, त्याचे बाण काढलेले फळे, ती सतत मागे पास देणारी मधली मुलगी, सगळ्यांचा उद्धार व्हायचा. सिग्नलला गाडी थांबली की ती डॅशबोर्डवर बोटांनी टीम मांडून दाखवायची. मला खरं तर निम्मं कळत नसे, पण ती आपणहून इतकं बोलते आहे याचंच अप्रूप होतं. तिची खोली येऊ नये असं वाटायचं.

नोव्हेंबरात कधीतरी माझा राग संपला. असा कुठला एक दिवस सांगता येणार नाही. मी जायची, उभी राहायची, चेंडू डावीकडून उजवीकडे जाताना बघायची आणि मला काही म्हणजे काही वाटायचं नाही. सुतारबुवा एकटेच 'पुढे, पुढे' करायचे. घरी आले की नवरा क्रिकेट बघत बसलेला असायचा.

"हरले?"

"नाही."

"जिंकले?"

"नाही."

"बरं," म्हणून तो परत टीव्हीकडे वळायचा. त्याला काय दोष द्यायचा, सांगण्यासारखं माझ्याकडेच काही नव्हतं.

गाडीतही आता शांतता असायची. अशाच एका शनिवारी ती म्हणाली, "असंच चालणार असेल तर मी सोडते." खिडकीकडे तोंड करून, अगदी साध्या आवाजात. सहा वर्षांची असल्यापासून ही पोरगी खेळते आहे. बेस्टच्या क्लबात पहिल्या दिवशी तिचे मोजे मांडीपर्यंत यायचे. दहावीच्या वयात पाय मोडला तेव्हासुद्धा ती सोडते म्हणाली नव्हती. मी घाबरले. आणि महिन्याभरात पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं.

"त्याच्याशी बोल ना," मी म्हटलं.

"बोलले. तो म्हणाला संयम ठेव. अजून बोलले तर बॉल मिळत नाही म्हणून रडते असं वाटेल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू बोल. नाताळच्या सुट्टीआधी मीटिंग आहे, बघायला येणाऱ्यांनाही बोलावतात. तू सगळ्या मॅचेस पाहिल्यास. तुझं तो ऐकेल."

मी कबूल केलं. मला अवघड वाटलंही नाही. माझा पगारच चुका शोधण्याचा आहे. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला की मी तो मुद्देसूद लिहून पाठवते आणि समोरचा कितीही मोठा इंजिनिअर असो, दुरुस्त होईपर्यंत त्याचा पिच्छा सोडत नाही. आठवडाभर मी भांडी लावताना वाक्यं जुळवत होते. नवऱ्याला म्हणूनही दाखवली. तो म्हणाला, "एवढं चांगलं तर माझ्याशीही भांडत नाहीस."

मीटिंग कँटीनमध्ये दुपारी होती. वाटाण्याचं घट्ट सूप होतं आणि मी नेलेल्या चकल्या होत्या. आपल्याला कुठे रिकाम्या हाताने जाता येतं? दिवाळीतही मी डबा नेला होता आणि तेव्हापासून कोच चकल्यांवर जीव टाकून होता. तो प्रत्येकाजवळ जाऊन बसत होता आणि विचारत होता, काय बदलू? खरंच विचारत होता. सुतारबुवांनी त्याला स्वच्छ सांगितलं, "माझ्या मुलीकडे सारखा मागे बॉल देऊ नका. तिचे हात चांगले आहेत, पाय बेकार आहेत." मुलगी शेजारीच बसली होती. ती हसली, कोचही हसला. कुणाचाही अपमान झाला नाही.

मग तो माझ्यासमोर येऊन बसला. पहिल्यांदा चकलीबद्दल थँक्यू म्हणाला. त्याच्या दाढीत चकलीचा चुरा अडकला होता. म्हणाला, "तुम्ही पावसातही येता. सगळं बघता. आमच्या अटॅकबद्दल तुमचं काय मत आहे? अगदी मोकळेपणाने सांगा."

मुलगी पलीकडच्या टेबलावर सूपचा वाडगा धरून बसली होती. तिचं लक्ष माझ्याकडे होतं, हे मला दिसत होतं. सगळी वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती. आणि मी म्हणाले, "छान चाललंय. तुम्ही एवढी मेहनत घेताय. होईल हळूहळू."

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आपल्या हातचं खाऊन समोर बसलेल्या पोराला, तोंडावर, चार लोकांत, तुझं चुकतंय म्हणून सांगायची सवयच नाही. लहानपणी पाहुणे असेपर्यंत आमच्याकडे सगळंच छान असायचं आणि ते जिना उतरले की खरं बोलणं सुरू व्हायचं. मला वाटलं, त्याला कळेल. आपल्याकडे 'होईल हळूहळू' म्हटलं की शहाण्या माणसाला काय ते कळतं. त्या बिचाऱ्याला मी म्हटलं तेवढंच कळलं. तो उठून उभा राहिला आणि खुशीत सगळ्यांना म्हणाला, एकही मॅच न चुकवणाऱ्या बाईंचंसुद्धा हेच मत आहे, संयम ठेवू, सिस्टिम बदलायची गरज नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मुलीने वाडगा खाली ठेवला.

आम्ही गाडीत बसलो. मीच म्हटलं, "अगं, मी पुन्हा बोलते त्याच्याशी, एकटा असताना." ती चिडेल, डचमध्ये काहीतरी तोडून बोलेल असं वाटलं होतं. ती मराठीत बोलली. शब्द शोधत, सावकाश, मला नक्की कळावं म्हणून. "आई, तू माझ्याशी खरं बोलतेस का, मला आता माहीत नाही." मग तिची खोली आली.

सुट्टीतच तिने नाव काढून घेतलं. जर्सी धुऊन, घडी करून परत दिली. माझ्याशी भांडली नाही, अबोला धरला नाही. माझ्या वाढदिवसाला आली, केक खाल्ला. फोन केला की जेवलीस का, हो. शनिवारी काय करतेस म्हटलं तर झोपते म्हणाली.

जानेवारीत मॅचेस सुरू झाल्या तेव्हा मी गेले. नवरा म्हणाला, "आता कशाला?" मी गाडीची किल्ली उचलली. मॅचच्या आधी मैदानाच्या कोपऱ्यात कोचला गाठलं आणि सगळं सांगितलं. चेंडू आडवा फिरतो, पुढे जात नाही, पुढची मुलगी एकटी पडते, तुम्ही बघता तेव्हा तुम्हाला हे दिसत नाही का. आवाज थोडा चढलाही असेल. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. दोन प्रश्न विचारले, तेही चांगले होते. मग म्हणाला, "हे फार उपयोगी आहे. डिसेंबरमध्ये का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी त्याच्याशी बोलल्याचं मुलीला कळवलं. तिने अंगठ्याचं चित्र पाठवलं.

मार्चमध्ये एकदा परत गेले. बोलून झालं होतं, आता जायचं काही कारण नव्हतं, पण शनिवारी दुपारी गाडी त्याच रस्त्याला लागली. ऊन होतं. आमच्या गोलकीपरने चेंडू मागे फिरवला नाही, उचलून थेट मधल्या फळीच्या पलीकडे मारला. दुसरीने तो तसाच पुढे दिला. माझ्या मुलीच्या जागी एक बुटकी, पिंगट वेणीची मुलगी खेळत होती. तिने दोन पावलांत गोल केला, इतका सहज की जणू हे कायमच असं चालत आलंय. सगळ्या मुली तिच्या अंगावर पडल्या. कोचने लांबून माझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले. मीही एक हात वर केला.

सुतारबुवा त्या दिवशी आले नव्हते. शेजारी एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या, कुणाची तरी आजी असाव्यात. त्या टाळ्या वाजवत होत्या, म्हणून मीही वाजवत होते. त्यांनी हसून विचारलं, "यातली तुमची कुठली?"

"कुठलीच नाही," मी म्हटलं, आणि टाळ्या वाजवत राहिले.