पालथा कप

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

मी हसनाबाद सोडलं त्या सकाळी आईनं एस.टी.च्या खिडकीतून माझ्या हातात पितळी फुलपात्र दिलं. "कुणाच्याबी भांड्यानं पाणी पिऊ नको," ती म्हणाली. पुढे पुण्यात मी इंग्रजी शिकले, शिकवलं, संसार मांडला. आईचं ते वाक्य स्वच्छतेचा धडा म्हणून तुमच्या बाबालाही ऐकवलं.

मागे अमेरिकेतून तुमचा फोटो आला. नागरी हक्कांसाठी लढलेल्यांच्या स्मारकापाशी तुम्ही उभे, काळ्या दगडावरून वाहणाऱ्या पाण्यात तळवे बुडवलेले. खाली प्रश्न: आजी, तुझ्या गावात असं काही आहे? मी ऐटीत कळवलं, आहे की! ग्रामपंचायतीसमोर संविधानाच्या उद्देशिकेची शिळा बसतेय, आणि ती वाचण्याचा मान मला दिलाय.

शिळा बसली त्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीवर कौसल्या होती, माझी शाळेतली मैत्रीण. तिची वस्ती ओढ्यापलीकडे. आमच्या लहानपणी तिच्या जातीच्या माणसांना आमच्या विहिरीला हात लावू देत नसत.

"काय मास्तरीणबाई, इंग्रजीत वाचून राह्यल्या का काय? मंग मी झोपते बिलकुल," ती कानाशी म्हणाली. दोघी खूप हसलो. मी मराठीतच वाचलं. 'समानता' या शब्दावर आवाज मुद्दाम चढवला. टाळ्या पडल्या.

मग चहा आला. सगळ्यांना सारखेच कप. कौसल्यानं चहा संपवला, उठली, नळावर कप विसळला आणि शिळेच्या ओट्यावर, बाकीच्या कपांपासून दूर, पालथा घातला.

"अगं, कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. हाताची सवय हाय, बाई."

मीही माझा कप घेऊन नळाकडे निघाले. सरपंच धावतच आले. "तुम्ही कशाला, ताई? द्या इकडं!"

आणि मी देऊन टाकला. कौसल्या बघत होती. तिच्यासाठी कुणी धावलं नव्हतं. मी तर तिच्या शेजारीच बसले होते. आईच्या फुलपात्राचा स्वच्छतेशी काही संबंध नव्हता, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

शिळेचा फोटो पाठवतेय. कोपऱ्यात पालथा कप दिसतो, तो मी कापलेला नाही.

इतकी वर्षं पुण्यात राहूनही घर कुठलं विचारलं की मी हसनाबाद सांगते. तिथली वाट डोळे मिटून सांगेन: मारुतीचं देऊळ, पिठाची गिरणी, आमचा गोठा, मग ओढा. तुम्हाला सांगतानाही मी दर वेळी ओढ्यापाशीच थांबत आले. कौसल्याचं दार कोणतं, मला माहीत नाही.