कुडव्यातली सोळा रंगांची मंडळी

माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये एक स्टीलचा डबा आहे. कोणतंही मशीन उघडून परत बंद केलं की एखादा स्क्रू उरतोच. मशीन चालतं झकास, स्क्रू मात्र डब्यात! आमच्या रविवारच्या बैठकीचे किस्से असेच साचले आहेत. फेकवत नाहीत आणि नेमके कुठे बसवायचे तेही कळत नाही. आज थोडे ओततो तुमच्यासमोर.

आधी मंडळी सांगतो. क्लास माझा, गोंदियाला लागून कुडव्याला. रविवारी सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी दहा वाजता आम्ही चौघं जमतो. मनोहरभाऊ आमच्यात वयानं मोठे, झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवतात. सुरेश त्याच नाटकांत ऑर्गन वाजवतो. वैशालीताई वनरक्षक, त्यांची ड्युटी जंगलात. आणि मी. काम काय, तर तीस-तीस वर्षांपूर्वीचे ॲडव्हेंचर गेम पुन्हा खेळायचे. यांत गोळीबार नाही, पळापळ नाही. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जायचं, वस्तू उचलायच्या, लोकांशी बोलायचं, अडलेली दारं उघडायची. ज्या मशीनवर हे चालायचे ती केव्हाच भंगारात गेली. म्हणून इम्युलेटर, म्हणजे नव्या कॉम्प्युटरला जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घ्यायला लावणारं सॉफ्टवेअर.

हे मी पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं समजावत होतो. मनोहरभाऊंनी मला थांबवलं. "समजलं सर. नट नवा, भूमिका जुनी. सुरू करा!"

*

एकदा एक गृहस्थ मुलीच्या ॲडमिशनची चौकशी करायला रविवारीच आले. आम्ही खेळात. स्क्रीनवर चौकोनी चौकोनी समुद्र, चौकोनी जहाज आणि चौकोनी नाकाचा खलाशी.

ते बराच वेळ बघत उभे राहिले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सर, मशीन खराब झाली का? सगळं फुटून राहिलं."

मी म्हटलं, "नाही काका, गेमच जुना आहे."

"याच्याहून साफ तर माह्या मोबाइलात दिसते!"

मनोहरभाऊ मागे वळले. "मोबाइलात दिसते काका. याच्यात पाहा लागते!"

काकांनी खुर्ची ओढली आणि एक वाजेपर्यंत हलले नाहीत. ॲडमिशनचं विचारायचंच राहिलं. मुलगी दुसऱ्या दिवशी एकटीच आली आणि म्हणाली, "बाबांनी विचारलंय, तो खलाशी बेटावर पोचला का?"

*

सगळ्यात जुन्या गेममध्ये माऊस नव्हता. काय करायचं ते इंग्रजीत टाइप करायचं. 'दार उघड', 'दिवा घे', असं दोन शब्दांत. तिसरा शब्द घातला की गेम गोंधळायचा.

मनोहरभाऊंचा नंबर आला. दाराशी एक पहारेकरी उभा होता. भाऊ सरळ माणूस, कोणाशी उद्धटपणे बोलणं त्यांना जमत नाही. त्यांनी एका बोटानं शोधून शोधून टाइप केलं, 'प्लीज ओपन द डोअर सर.'

गेमनं उत्तर दिलं, 'मला समजलं नाही.'

भाऊंनी पुढे 'काइंडली' जोडलं. 'मला समजलं नाही.' मग 'नमस्ते' घातलं. 'मला समजलं नाही.'

शेवटी सुरेशनं कीबोर्ड ओढला आणि नुसतं 'ओपन डोअर' ठोकलं. दार उघडलं!

मनोहरभाऊ खुर्चीला टेकले. "एवढा मान दिला तर समजत नाही म्हणते. खेकसलं का लगेच समजते! कोणत्या ऑफिसातून आणला बे ह्याले?"

*

आता चित्रांचा विषय. याच्यावरून आमच्यात सगळ्यात मोठं भांडण झालं.

एका गेममध्ये धबधबा होता. फक्त सोळा रंग, त्यात धबधबा काढायचा म्हणून चित्रकारानं निळा ठिपका, पांढरा ठिपका, निळा ठिपका, पांढरा ठिपका अशी जाळी विणली होती. माझ्या नव्या, लख्ख मॉनिटरवर ते पाणी वाटेना. टेबलक्लॉथ वाटायचा.

मी म्हणालो, "त्या काळी एवढंच जमायचं." आणि हे ठामपणे म्हणालो. क्लास माझा होता ना!

मनोहरभाऊ उठले, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले, डोळे बारीक केले. परत आले. "चित्र बराबर आहे. तुमची काच चुकली."

"काच कशी चुकेल, भाऊ? नवी आहे!"

"नवी आहे म्हणूनच. हा माणूस ठिपके टाकून राहिला ते मिसळावे म्हणून. तुमची काच एकही ठिपका मिसळू देत नाही. तुमच्याकडे जुना डबा टीव्ही आहे का?"

माळ्यावर होता. तिघांनी मिळून उतरवला. वजन इतकं की सुरेश दोन दिवस वाकून चालत होता. वायरींची जोडाजोड करण्यात तास गेला. मी मनात म्हणत होतो, होऊन जाऊ दे एकदा, मग भाऊंना कळेल.

टीव्ही तापला. धबधबा आला.

पाणी होतं! ठिपके गायब, मध्ये एक फिका निळा उतरला होता, जो त्या सोळा रंगांत कुठे नव्हताच. खाली फेससुद्धा दिसत होता. माझं 'एवढंच जमायचं' मी मनातल्या मनात मागे घेतलं.

भाऊंनी काचेवरची धूळ रुमालानं पुसली आणि म्हणाले, "सतरावा रंग."

*

सुरेशचं डोकं कानात आहे. इम्युलेटरमध्ये एक सोय असते, आवाज कोणत्या जुन्या साधनातून यावा ते निवडता येतं. मी त्याला खलाशाच्या गेममधलं एकच गाणं तीन प्रकारे ऐकवलं.

पहिलं, मशीनच्या आतल्या पिटुकल्या स्पीकरचं. नुसतं बीप बीप. सुरेश म्हणाला, "एका बोटानं वाजवून राहिला, पण बोट लय तयारीचं आहे."

दुसरं, साउंड कार्डचं. "हा आमच्यातला. लग्नात वाजवणारा. आवाज थोडा पत्र्याचा, पण दम आहे!"

तिसरं, त्या काळच्या, बाहेरून जोडायच्या महागड्या साउंड मॉड्यूलचं. त्यात बासरी, व्हायोलिन, घंटा, सगळं होतं. मला वाटलं आता हा खुश होणार. त्यानं पूर्ण ऐकलं आणि मान हलवली. "वाजवणारे चांगले आहेत. पण हे ठेवणीतले कपडे घालून बसले. दुसराच लाव."

आणि पुढच्याच क्षणी त्याचा चेहरा बदलला. "थांब. हा माणूस तालात चालून नाही राहिला."

"कोणता माणूस?"

"गेममधला! गाणं एका लयीत, याचे पाय दुसऱ्या लयीत. कोणीतरी चुकून राहिलं."

मी म्हटलं, गेम असाच असेल. सुरेश ऐकेना. इम्युलेटरमध्ये मशीनचा वेग कमी-जास्त करता येतो. त्यानं मला आकडा एकेक पायरी खाली आणायला लावला आणि स्वतः मांडीवर ठेका धरून बसला. एका ठिकाणी पाऊल आणि ठेका एकत्र पडले. "लॉक कर!"

पुढच्या आठवड्यात मी नेटवर एका माणसाचा व्हिडिओ शोधला, ज्याच्याकडे खरंखुरं जुनं मशीन चालू होतं. दोन्ही शेजारी लावून पाहिले. खलाशी दोन्हीकडे एकाच वेळी धक्क्याच्या टोकाला पोचला. एका पावलाचाही फरक नव्हता!

मी सुरेशला फोन केला. तो एका हळदीच्या कार्यक्रमात होता. म्हणाला, "मी खरं बोलून राहिलो हे सांगायले फोन केला का? ते मले माहीत आहे. ठेव!"

*

वैशालीताई कमी बोलतात. पण बोलल्या की विषय संपतो.

एका गेममध्ये जंगलाचा भूलभुलैया होता. प्रत्येक चित्रात चार वाटा, चुकली की पुन्हा सुरुवात. आम्ही तिघं तीन रविवार फिरत होतो. मी कागदावर नकाशे काढले, सुरेशनं पक्ष्यांच्या आवाजावरून वाट शोधायचा प्रयत्न केला, मनोहरभाऊंनी तर मारुतीला नारळ बोलला.

चौथ्या रविवारी ताई ड्युटीवरून थेट आल्या, अंगावर वर्दीच. पाच मिनिटं मागे उभ्या राहिल्या.

"सर, हे झाड मघाशी पाहिलं आपण."

"नाही ताई, मघाशी फांदी उजवीकडे होती. ही डावीकडे आहे."

"तेच म्हणून राहिली. झाड एकच आहे. चित्र उलटं करून पुन्हा वापरलं. खरं जंगल असं नसते. जिथं झाड उलटं दिसलं तिथं वाट खोटी."

आम्ही उलटी झाडं टाळत गेलो. नऊ चित्रांत बाहेर!

सुरेशनं विचारलं, "ताई, हे तुमच्या खात्यात शिकवते का?"

"नाही," ताई म्हणाल्या. "तिथं हरवून चालत नाही."

त्याच गेमची हल्ली नवी आवृत्ती आली आहे. चित्रं पुन्हा रंगवलेली, गुळगुळीत, पानन्‌पान दिसतं. एक बटण दाबलं की जुनं चित्र, पुन्हा दाबलं की नवं. आम्ही रात्रीच्या जंगलाचं दृश्य लावून अर्धा तास वाद घातला. मी नव्याच्या बाजूचा, मनोहरभाऊ जुन्याच्या, सुरेश चहाच्या. शेवटी ताईंना विचारलं.

त्यांनी चार-पाच वेळा बटण दाबून पाहिलं. "जुन्यात रात्र आहे. नव्यात नुसती लाइट गेली."

मी पक्ष बदलला.

*

आता शेवटचा. हा मी सगळ्यांना सांगतो आणि निम्मे लोक विश्वास ठेवत नाहीत. नका ठेवू. आम्ही चौघं तिथे उभे होतो.

मागच्या दिवाळीआधी मनोहरभाऊ दोन रविवार आले नाहीत. तिसऱ्या रविवारी मी घरी गेलो तर बाहेर खाटेवर बसलेले, ब्रश धुऊन उलटे ठेवलेले. ज्या नाटक मंडळीचे पडदे ते वर्षानुवर्षं रंगवत होते, तिच्या मालकानं सांगितलं होतं की यंदा फ्लेक्सवर छापलेले पडदे घेऊ.

"सकाळी फोटो पाठवला का संध्याकाळी पडदा तयार," भाऊ म्हणाले. "मंग माणूस कायले पाहिजे?"

एवढं बोलून त्यांनी धुतलेले ब्रश पुन्हा धुवायला घेतले. त्या माणसाला मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

मी हे सांगितलं तशा वैशालीताई तडक मालकाकडे गेल्या. काय बोलल्या ते आजवर सांगितलं नाही. मालक एवढंच कबूल झाला की दवनीवाड्याला स्टेज बांधू तेव्हा दोन्ही पडदे शेजारी लावू. जो चांगला दिसेल तो सीझनभर चालेल. पडदा हवा होता राजवाड्यातल्या खोलीचा.

भाऊंनी त्या दिवसांत आम्ही खेळत असलेल्या किल्ल्याच्या गेममधली खोली निवडली. दगडी भिंती, पायऱ्या, भिंतीवर टांगलेला कंदील आणि समोर एक मोठी बंद खिडकी. ती खोली आम्हाला तोंडपाठ होती, कारण तिथे आम्ही चार रविवार अडकलो होतो. खिडकी काही केल्या उघडत नव्हती. किल्लाभर चावी शोधली. चावी नव्हतीच! भिंतीवरचा कंदील काढला की त्याची खुंटी वर सरकते आणि खिडकी आपोआप उघडते. एवढंच होतं ते.

भाऊंनी ती खोली वीस फुटी कापडावर चढवली. आठ दिवस, हातात मोजून सहा रंग. आम्ही तिघं कापड ताणायला आणि चहा आणायला.

दवनीवाड्याला दुपारी चार वाजता दोन्ही पडदे लागले. फ्लेक्स खरंच सुंदर होता. झुंबर, गालिचा, सगळं फोटोसारखं. मालक खुश. मग त्यानं स्टेजचे लाइट लावायला सांगितले.

फ्लेक्स चकाकला! झुंबराच्या जागी एक पांढरा गोळा, गालिच्यावर दुसरा. पुढे उभा राहिलेला नट काळा दिसायला लागला. भाऊंच्या कापडानं मात्र सगळा उजेड पिऊन घेतला. तोच नट खोलीत उभा असल्यासारखा दिसला.

मालक डावीकडून बघून आला, उजवीकडून बघून आला. मग म्हणाला, "मनोहर, बाकीचे चार कधी देतोस?"

भाऊ शिडीवर होते. त्यांनी वरची दोरी उगाच आणखी एकदा आवळली.

तेवढ्यात मैदानाच्या कडेनं धान कापून परतणाऱ्या बाया चालल्या होत्या. त्यांच्यातली एक थांबली. पन्नाशीची असेल, डोक्याला टॉवेल, हातात विळा. बाकीच्या पुढे गेल्या, ही जागची हलेना. पडद्याकडे बघत बघत अगदी स्टेजपाशी आली आणि शिडीवरच्या भाऊंना म्हणाली,

"काहो भाऊ, ही खिडकी शेवटी उघडते कशी?"

सुरेशनं माझ्याकडे पाहिलं. मी ताईंकडे. भाऊंच्या हातातली दोरी तशीच राहिली. त्यांच्या तोंडून हळूच निघालं, "भिंतीवरचा कंदील काढा लागते बाई."

"कंदील!" तिनं विळ्याच्या मुठीनं स्वतःच्या कपाळावर टकटक केलं. "आन् मी इतके वर्ष किल्लाभर चावी शोधून राहिली होती!"

आणि ती बाकीच्या बायांना गाठायला शेताच्या धुऱ्यावरून पळत सुटली.