रसेल उशिरा आला

कोलेट थिबोडो माझ्याच वॉर्डात नर्स आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात तिचं गाव; तिथलं हॉस्पिटल बंद पडलं, म्हणून ती जूनमध्ये इकडे कॅनडात, मंक्टनला आली. नवरा, रसेल, घर विकून मागाहून येणार होता. तो आला फेब्रुवारीत, जुना पिकअप ट्रक आणि हत्यारांच्या पेट्या घेऊन. ख्रिसमसला कोलेटने ड्यूटी मागून घेतली होती.

एप्रिलमध्ये कर भरायची वेळ आली. अमेरिकेला दोघांचं मिळून एकच विवरणपत्र द्यायचं होतं. कॅनडात मात्र कोलेटचं एकटीचं, तेही ती इथे आली तेव्हापासूनचं. रविवारमागून रविवार ती टेबलावर कागद पसरायची आणि तसेच गोळा करून झोपायला जायची. शेवटी मीच दोघांना माझ्या मावसबहिणीकडे, इव्हॉनकडे नेलं. ती लोकांचे कर भरून देते.

इव्हॉनने कोलेटची येण्याची तारीख लिहून घेतली. नवरा घर विकेपर्यंत तिकडे थांबला ना, असं तिने सहज विचारलं. रसेल खोटं बोलणारा माणूस नाही. घर ऑगस्टमध्येच विकलं गेलं, तो म्हणाला. मग भावाच्या शेतातले बटाटे काढायचे होते, मग भावाबरोबर रस्त्यावरचा बर्फ काढायची कामं घेतली. त्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. इव्हॉनचा हात कळफलकावर थांबला.

"मला विचारावंच लागतं, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "वर्ष संपलं तेव्हा तुम्ही कामासाठी लांब होतात, की पटत नव्हतं म्हणून? त्यावर इथे विवाहित लिहायचं की विभक्त, ते ठरतं."

मी उगाच उठून इव्हॉनच्या शेगडीवरच्या फ्रिकोच्या, म्हणजे कोंबडी-बटाट्याच्या रश्श्याच्या, पातेल्यात डाव फिरवला.

"मी दोनदा निघालो होतो," रसेल म्हणाला. "सीमेवर हूल्टनच्या नाक्यापर्यंत आलो. तिथून परत फिरलो."

"माहीत आहे मला," कोलेट म्हणाली. "तुझ्या वहिनीचा फोन यायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू, रसेल? ये म्हणून पाया पडू? बारा-बारा तास उभी असायचे मी. घरी आले की बूट काढायचंही त्राण नसायचं."

त्याने मान खाली घातली. इथे मला कोण विचारतं, सगळं तुझंच आहे, नोकरी तुझी, घर तुझं, असं काहीतरी तो पुटपुटला. कोलेटने डोळे चोळले.

"तू सोडून जायचं ठरवलं होतंस का?"

"नाही. यायचं तेवढं ठरत नव्हतं."

"विवाहित लिहा," कोलेट इव्हॉनला म्हणाली. "सोडलं नव्हतं त्याने. नुसता घोळ घालत बसला होता."

इव्हॉनने लिहिलं. अमेरिकेच्या कागदावर दोघांनी सह्या केल्या. तिने जेवायला थांबा म्हटलं, तर कोलेटला जेवणापेक्षा झोप हवी होती. माझ्या गाडीत ती मागच्या सीटवर आडवी झाली आणि लगेच झोपलीही. रसेलने अंगातलं जाकीट काढून तिच्यावर टाकलं.

मे महिन्यात त्याला शाळेच्या बस दुरुस्त करायचं काम मिळालं. कोलेट अजूनही थकलेलीच असते. हल्ली शिफ्ट संपली की त्याचा ट्रक दाराशी उभा असतो. ती आत बसते, आणि बरेचदा घरापर्यंत दोघं एक शब्द बोलत नाहीत.