गावकीचा बोर्ड आणि वंदीचं स्थळ

माझ्या सख्ख्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मी एकदा लेखी नामंजूर केलं होतं. कारणासकट. खाली माझं नाव होतं आणि नावापुढे बी.एस्सी.

तेव्हा ही पदवी मी सगळीकडे लावायचो. (गॅसच्या पुस्तकावरसुद्धा.) डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या अंगाला आमचं आगऱ्यांचं गाव. आजोबा मिठागरात, बाबा भातशेतीत आणि मी फिजिक्समध्ये. दहावीच्या पलीकडे पाऊल टाकलेला घरातला मी पहिला. त्यामुळे घरात काहीही बिघडलं, मिक्सर असो नाहीतर म्हैस, की हाक मलाच. "सुऱ्या, तू शिकलास ना? मंग बघ की."

नव्वद साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. बिल्डरला जमीन दिलेल्या घरांत तेव्हा आधी जीप यायची. आमच्याकडे कॉम्प्युटर आला. बाबांनी तो आणला, कारण मी एक भाषण ठोकलेलं. आपली पोरं दिवा, कळवा, पनवेलपर्यंत पांगली आहेत, कुठं नोकरी निघाली, कुठं कॉलेजात जागा आहे, एकमेकांना पत्ता नसतो. आपण फोनवरचा बोर्ड काढू. म्हणजे आपला कॉम्प्युटर मोडेम नावाच्या डबीतून फोनला जोडायचा. दुसऱ्यानं आपल्या कॉम्प्युटरवरून आपल्याला फोन लावायचा, सूचना वाचायच्या, आपलं म्हणणं लिहायचं आणि जायचं. मग तिसरा. चावडीवरचा फळाच, फक्त चप्पल न घालता जायचं.

"आपल्यात कॉम्प्युटर हाय कोनाकडं?" बाबांनी विचारलं.

"येतील."

"बरं," बाबा म्हणाले. भातशेती केलेल्या माणसाला वाट बघायचं काही विशेष वाटत नाही.

बोर्ड चालवायला सॉफ्टवेअर लागतं, आणि माझं घोडं तिथंच अडलं. ठाण्याला कॉलेजातला मित्र पराग स्वतःचा बोर्ड चालवायचा. मी त्याच्याकडे गेलो आणि म्हटलं, सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर दे.

"चांगलं असं काही नसतं. तुझी माणसं कशी आहेत?"

"चांगली आहेत."

"तसं नाही रे. एकमेकांना ओळखतात का?"

"नको तितकी."

त्यानं थोडा विचार करून तीन फ्लॉपी दिल्या. "तिन्ही लावून बघ. माणसांना कुठलं मानवतं ते बघ. सॉफ्टवेअर माणसांसारखं पाहिजे, माणसं सॉफ्टवेअरसारखी होत नाहीत."

हे वाक्य मला इतकं आवडलं की परत येताना मी ते तीनदा मनात म्हटलं. अर्थ लावून बघायचं मात्र राहून गेलं.

पहिलं सॉफ्टवेअर उघड्या दाराचं. फोन लावा, वाटेल ते नाव सांगा, आत या. परागनं ठाण्याहून फोन लावून बघितला. बाबा माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसलेले. पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी उमटायला लागलं: मी सुरेशचा सासरा बोलतोय.

बाबांनी चष्मा पुसला. "कोन हा?"

"पराग. गंमत करतोय."

"तो पराग हाय, ते कशावरून?"

"तसं... नाही कळत."

"मंग उद्या कोनीपन येल आनि सांगेल, मी सरपंच. धर्मशाला हाय का ही?"

फ्लॉपी पहिली बाद.

दुसरं खोल्यांचं. आत नोकरीची खोली, लग्नाची खोली, भजनाची, क्रिकेटची. मला फार आवडलेलं. बाबा बराच वेळ त्या खोल्या निरखत राहिले.

"यातली मोठी खोली कोनची?"

"बाबा, खोल्या सगळ्या सारख्याच असतात."

"जा. हे वरच्या आळीला समजावून ये."

शिवाय त्याला फोनच्या दोन लाइनी लागत होत्या. आमची एक लाइन यायलाच इतकी वर्षं लागलेली, की अर्ज आजोबांनी केला होता आणि पहिला कॉल त्यांच्या तेराव्याला आला. दुसरी फ्लॉपी गेली.

तिसरं सॉफ्टवेअर पारखून घेणारं. नवीन माणूस आला की ते आधी प्रश्न विचारायचं, आणि प्रश्न आपण लिहायचे. उत्तरं वाचून बोर्डाच्या चालकानं, म्हणजे मी, मंजूर किंवा नामंजूर करायचं. तोवर माणूस दारात उभा.

बाबा खुर्चीतून पुढे सरकले. "मशीन विचारतं? तोंडावर?"

"हो."

"आनि त्या मानसाला राग नाय येत?"

"मशीनचा कसला राग?"

"हेच ठेव," बाबा म्हणाले.

आमच्याकडे परका माणूस गावात शिरला की पाण्याचा तांब्या पुढे करता करता पहिला प्रश्न ठरलेला: कोनाचा तू? मग बापाचं नाव, मग आईचं माहेर, मग गावातलं कोण ओळखतं. एवढं झालं की तो घरचा, मग त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. बाबांनी हेच प्रश्न मला ओळीनं सांगितले. नाव. वडलांचं नाव. गाव. आई कुठल्या गावची. दोन वडीलधाऱ्यांची ओळख. शेवटचा प्रश्न माझा: सदस्य का व्हायचं आहे? नामंजुरीचं पत्र तर मी दोन संध्याकाळी बसून लिहिलं. कोणी नामंजूर होण्याआधीच ते तयार होतं.

इथं वंदीबद्दल सांगायला हवं. वंदना माझी धाकटी बहीण, टायपिंगच्या क्लासात शिकवायची. त्याच महिन्यात तिला दिव्याच्या बाजूचं एक स्थळ बघून गेलेलं. मुलगा प्रमोद, ठाण्याला एका कॉम्प्युटरच्या ऑफिसात. बघण्याच्या वेळी सगळ्यांच्या देखत त्यानं तिला एकच विचारलं, "स्पीड किती?"

"पन्नास," वंदी म्हणाली. "तुमचा?"

"तीस. बघून बघून."

त्या दिवसापासून वंदी भांडी घासताना गुणगुणत होती. मुलाच्या वडलांनी आठ दिवसांत फोन करतो म्हणून सांगितलेलं. फोन चालू आहे ना, हे बघायला आई तासातासाला रिसीव्हर उचलून कानाला लावायची.

आणि मी जाहीर केलं की रोज चार ते सात फोन बोर्डाचा. आलेला कॉल मोडेमच उचलेल, कोणी हात लावायचा नाही.

"आनि पोराकडचा आला तर?" आईनं विचारलं.

"आई, शुभ कामाचे फोन सकाळी येतात."

(हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं, ते अजून आठवत नाही.)

"दादा, नक्की ना?" वंदीनं विचारलं.

"मी आहे ना," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी मोडेमनं तीन वेळा कॉल उचलला आणि तिन्ही वेळा समोरून लगेच ठेवून दिला. लोक उत्सुक आहेत पण बुजतायत, असं मी वहीत टिपून ठेवलं. पाचव्या दिवशी आमच्या बोर्डाला पहिला खरा अर्ज आला. मी खुर्चीत ताठ बसलो.

नाव: पी. के. वडलांचं नाव: के. गाव: सध्या ठाणे. आई कुठल्या गावची: घाईत आहे, नंतर सांगतो. ओळख: तुम्ही सगळे. सदस्य का व्हायचं आहे: तुमचा फोन लागत नाही म्हणून.

मला वाटलं, परागच पुन्हा गंमत करतोय. आणि पराग नसला, तर एवढा उद्धट माणूस समाजात घ्यायचा कशाला? मी नामंजूरचं बटण दाबलं. कारणाच्या जागी स्वतः विचार करून लिहिलं: ज्यास स्वतःच्या मातेचे गाव सांगता येत नाही, त्याने समाजात येण्याची घाई करू नये. कळावे. सुरेश, बी.एस्सी.

बाबांना वाचून दाखवलं. "बरोबर लिवलंस," ते म्हणाले.

आठ दिवस झाले, बारा झाले. सकाळचा फोन काही आला नाही. वंदीचं गुणगुणणं थांबलं. आई रिसीव्हर उचलायची, ऐकायची आणि आवाज न करता ठेवायची. तेराव्या दिवशी मामा आला. स्थळ त्यानंच आणलेलं. चहा ठेवू का विचारलं तर नको म्हणाला, तेव्हाच आईचा चेहरा उतरला.

"पोरगी द्यायची नव्हती तर तोंडानं सांगायचं," मामा म्हणाला. "लिवून कनाला दिलंत?"

"आमी?" बाबा म्हणाले. "कोनी लिवलं?"

मामानं खिशातून कागद काढला. दोन्ही बाजूंना भोकं असलेला, कॉम्प्युटरच्या प्रिंटरचा. पहिली ओळ दुरून दिसली तेव्हाच मी एक पाऊल मागे सरकलो. तरी बाबांनी तो माझ्याच हातात दिला. "वाच. तू शिकलास ना?"

मी वाचला. 'कळावे'पर्यंत येताना बराच वेळ लागला.

झालेलं असं. प्रमोदच्या वडलांनी होकार द्यायला फोन केला, तर कानात किंकाळी. तीनदा लावला, तीनदा किंकाळी. त्यांनी घरी सांगितलं, मुलीकडच्या फोनमध्ये काहीतरी शिरलंय. प्रमोद हसला, म्हणाला, हा मोडेम आहे, मी उद्या ऑफिसातून बघतो. साहेब पाठीमागे उभा असताना त्यानं घाईघाईत तो अर्ज भरला. संध्याकाळी प्रिंट घेऊन घरी गेला आणि हसत हसत सगळ्यांना वाचून दाखवायला लागला. कारणाच्या ओळीवर त्याची आई उठून आत गेली.

"तिचं म्हननं," मामा म्हणाला, "माझ्या पोराला माझं गाव म्हायती नाय, असं कागदावर लिवनाऱ्या घरातली सून मना नको."

वंदीनं माझ्या हातातून कागद घेतला, पूर्ण वाचला आणि परत दिला. "माता," ती म्हणाली. "आईला आई म्हणायला काय झालेलं तुला?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पण मीठ विसरायची. रोज.

बाबा मात्र शांत होते. प्रश्न त्यांचे होते, हे त्यांना आठवत असावं. तीन दिवस मामा इकडून तिकडे फेऱ्या मारत होता. शेवटी निरोप आणला. प्रमोदची आई म्हणते, चूक पोरांची आहे, समजलं. पण नाही कागदावर आलंय, तर हो पण कागदावर येऊ दे. ज्या मशीननं नाही म्हटलं, त्याच मशीननं.

रविवारी सकाळी आई, बाबा आणि मामा पेढे घेऊन दिव्याकडे निघाले. प्रमोदनं ऑफिसातलं जुनं मशीन घरी आणून ठेवलेलं. अकराला तो फोन लावणार, अर्ज भरणार, मी मंजूर करणार. उंबऱ्यातून बाबा वळून म्हणाले, "सुऱ्या, आज काय पन विचार करू नको."

अकराला मोडेम किंचाळला. मी खुर्चीत, वंदी माझ्या मागं भिंतीला टेकून. आलेला माणूस काय टाइप करतोय ते माझ्या पडद्यावर अक्षर अक्षर दिसायचं. नाव, पूर्ण. वडलांचं नाव, आजोबांसकट. आई कुठल्या गावची, या प्रश्नाला त्यानं आधी गाव लिहिलं, मग आळी, मग घराच्या मागं कुठली विहीर होती ते. तिथं कोण सांगतंय आणि कोण लिहितंय, ते उघड होतं. ओळखीच्या रकान्यात नावं सुरू झाली ती थांबेचनात. अकरावं नाव आलं ते आमच्या आत्याच्या जावेचं.

"आपलं आधीच नातं आहे," मी म्हटलं.

"गप बस," वंदी म्हणाली. आठवड्यातलं तिचं माझ्याशी पहिलं वाक्य.

शेवटचा प्रश्न आला. सदस्य का व्हायचं आहे? तिकडे अक्षरं थांबली. मी पडद्याकडे बघत राहिलो. बरीच माणसं त्याच्या खांद्यावरून वाकून बघत असणार. मग एकेक अक्षर उमटलं. वंदना. पुढे काही नाही.

पडद्यावर प्रश्न आला: मंजूर की नामंजूर? सवयीनं मी उत्तरं पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतली.

"दादा," वंदी अगदी हळू म्हणाली, "दाब."

मी दाबलं. पलीकडे स्वागताचं पत्र गेलं आणि छापून निघालं असावं, कारण पाच-सात मिनिटं काहीच आलं नाही. मग एक ओळ आली: आईने कागद देवापुढे ठेवला. आणखी थोड्या वेळानं: सुपारी फुटली.

बहिणीची सुपारी फुटल्याची बातमी घरात प्रथम मला कळली. मी बोर्डाचा चालक या नात्यानं चार समयोचित शब्द लिहायला हात पुढे केला. तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

"ऊठ," वंदी म्हणाली.

"अगं, चालकालाच लिहिता येतं."

"मग मी चालक. ऊठ. आणि दार लोटून घे."

बाहेर ओट्यावर बसलो. आतून पन्नासच्या स्पीडचा आवाज येत होता, मध्ये थांबायचा (तो तीसवाला लिहीत असणार), पुन्हा सुरू व्हायचा. मध्येच वंदी हसली. शेजारच्या मंजुळाकाकी फोन करायला आल्या.

"काकी, फोन रिकामा नाही."

त्यांनी दाराकडे कान दिला. "आत कोन हाय?"

"वंदी."

"आनि तू भायेर कनाला बसलास?"

मी जरा सरळ बसलो.

"काकी," मी म्हटलं, "हे सगळं मी चालवतो."