फाइल क्रमांक २१७

१ जानेवारी १९७०. जगातले बरेचसे संगणक याच दिवसापासून वेळ मोजतात आणि ज्या यंत्राला स्वतःचे घड्याळ नाही, ते विचारल्यावर बहुधा हीच तारीख सांगते. औषधभांडाराच्या शीतखोलीत बसवलेल्या तळहाताएवढ्या सर्किट बोर्डवर चाळीस फाइल्स होत्या. चाळीसही त्याच तारखेच्या.

बोर्ड बसवणारे मेकॅनिक बावीस वर्षे तिथली शीतयंत्रे सांभाळत. बोलण्यात घाई नाही, चालण्यात नाही. म्हणून सगळे त्यांना थंडोबा म्हणत. पन्नाशीत ते मुलीकडून प्रोग्राम लिहायला शिकले. बोर्ड दर मिनिटाला तापमान नोंदवी. रोज सकाळी आठ वाजता थंडोबा तो बंद करून चालू करत. चालू झाला की पुढच्या क्रमांकाची फाइल सुरू होई. तो क्रमांक ते वहीत तारखेपुढे लिहीत. हे लिहिण्याआधी ही वही मी पानोपान तपासली आहे. एकही दिवस सुटलेला नाही.

लसींची एक खेप खराब असल्याचे महिनाभराने उघडकीस आले. शीतखोलीचे तापमान आठ अंशांच्या वर गेले असेल, तर दोष थंडोबांचा; गेले नसेल, तर खेप वाटेतच गाडीत तापली. खेप शीतखोलीत होती त्या दिवसाची फाइल वहीप्रमाणे २१७. बोर्ड काढून मोहोरबंद केला तेव्हा त्यावर २११ ते २५० होत्या.

चौकशी अधिकारी बाईंच्या टेबलावर सकाळी अकराला मोहोर फोडली गेली. थंडोबांनी केबल जोडली. बोर्डचा हिरवा दिवा लागला, पण संगणकावर काहीच दिसेना.

"थंडोबा, आज तरी जरा घाई करा," बाई म्हणाल्या.

"मॅडम, घाई केली की फ्रीजसुद्धा तापतो."

त्यांनी केबल काढली, दहापर्यंत आकडे मोजले, पुन्हा जोडली. अडलेला फ्रीज ते असाच चालू करत. सहा वेळा जोडून झाल्यावर त्यांनी बोलावलेली मुलगी आली.

"बाबा, ही कुठली केबल?"

"मोबाइलची. दिवा लागतोय की."

"दिवा लागणारच. हिच्यातून नुसती वीज जाते, फाइल्स नाही येत. तुम्ही पण ना!"

तिने पिशवीतून आपली केबल काढून जोडली. संगणकाने बोर्ड लगेच ओळखला आणि यादी उघडली.

पहिली फाइल २१८. शेवटची २५७.

"वरची कुठाय?" बाईंनी विचारले.

मुलीने यादी वर ओढली. ती वर सरकेना. थंडोबा पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी स्वतःच्याच हाताकडे पाहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"सात," ते म्हणाले. "सात वेळा चालू केला आपण."

प्रोग्राममधली ती ओळ त्यांनीच लिहिली होती: चाळीस फाइल्स झाल्या की नवी उघडण्याआधी सर्वांत जुनी पुसावी. शेजारी त्यांचीच टीप आहे, "जागा पुरत नाही". चुकीच्या केबलने सहा फाइल्स नेल्या. सातवी, हवी होती ती, बरोबर केबलने नेली.

मुलगी खुर्चीत बसली ती उठेचना. "मी जोडली, बाबा," एवढेच ती दोनदा म्हणाली. थंडोबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

पुसलेली फाइल परत मिळते का, हे पुढे मी दोन जाणकारांकडून तपासून घेतले. तिच्या जागी नव्या फाइलचे आकडे लिहिले गेले आहेत. ते आकडे वाचता येतात: सत्तावीस अंश, सत्तावीस अंश, सत्तावीस अंश. हे बाईंच्या टेबलावरचे तापमान.

अहवालात 'पुरावा उपलब्ध नाही' असा शेरा आहे. थंडोबांना शीतखोलीवरून हटवण्यात आले. काही सहकारी म्हणतात, त्यांना ती ओळ आठवत होती. थंडोबांनी मला सांगितले, आठवत नव्हती. दोन्हींपैकी काहीच सिद्ध करता येत नाही. आणि त्या दिवशी शीतखोलीत किती अंश होते, हे आजही कुणालाच माहीत नाही.